मी दत्तक आहे, तर वडिलोपार्जित जमिनीत माझा हक्क लागतो का? आणि माझे 'खरे' आईवडील मी शोधावेत का?

प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे, तो आधी उरकते. वडील वारल्यावर तुमचे चुलते म्हणतात, "तू दत्तक, तुझा हिस्सा नाही." ते चुकीचं सांगताहेत. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तक झालं त्या तारखेपासून तुम्ही सगळ्या बाबतींत दत्तक घेणाऱ्या आईबापांचं मूल. कलम १५ प्रमाणे रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही, चुलत्यांना तर नाहीच नाही. वारस नोंदीत आईच्या बरोबरीने तुमचं नाव लागणार.

दुसऱ्या भागात तुम्ही 'खरे' हा शब्द वापरलाय. मी लिहायला बसले ती त्या शब्दामुळे.

मीही दत्तक. १९८४ साली, सव्वा वर्षाची असताना, नाशिकच्या एका संस्थेतून आईने आणि आबांनी मला निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी नेलं. कोर्टाच्या परवानगीने, रीतसर. लपवाछपवी नव्हती. गावाला माहीत होतं, मलाही कळत्या वयापासून माहीत होतं. घरी दोन एकर द्राक्षबाग, शेजारी अण्णांची, म्हणजे चुलत्यांची दोन एकर. मला सायकल अण्णांनी शिकवली, हेही सांगायला हवं.

आबांची एक लकब होती. घडातला मणी खुडायचे, दोन बोटांत धरून उन्हाकडे करायचे, आत बी किती दिसतं ते बघायचे आणि मग अर्धाच चावायचे. उरलेला अर्धा मला. आज मी बाजारातून द्राक्षं आणली तरी तेच करते, आणि माझी धाकटी हात पुढे करते. हे माझ्यात रक्तातून आलेलं नाही. थिनिंगच्या, म्हणजे घडातले दाट मणी विरळ करायच्या दिवसांत शाळा बुडवून मी त्यांच्या मागे कात्री घेऊन फिरले, त्यातून आलं.

आबा २०१६ च्या ऑक्टोबरात गेले, गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी चालू असताना. अर्धी बाग छाटून झालेली, डोळे फुटायला लावतात ती पेस्ट लावायची राहिलेली. अग्नी कोण देणार हे मला कुणी विचारलं नाही. चुलत भावाने मडकं खांद्यावर घेतलं. मी तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, अंगणात उभी राहिले. तेव्हा गप्प बसले याचा आजही राग येतो.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. विधी आटोपल्यावर आमच्या उपाध्यायांनी वही काढली, लाल कापडात बांधलेली, लांबट. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान उघडतात. आजोबा १९८७ ला गेले तेव्हाची नोंद निघाली, आबांच्या हातची. निळी शाई, जरा तिरकं अक्षर, 'र'ची शेपटी लांब ओढलेली. त्यात कुटुंबाची नावं, आणि शेवटी 'कन्या १', पुढे माझं नाव. त्यापुढे काही नाही.

त्याच्याखाली नवी नोंद सुरू झाली. गुरुजींनी विचारलं, अपत्य? चुलत भाऊ म्हणाला, "मुलगा नाही. एक दत्तक मुलगी." गुरुजींनी लिहिलंही. आई पायरीवर बसली होती, दहा दिवसांत धड चार शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "गुरुजी, मुलगी लिव्हा. नुसती मुलगी."

गुरुजी थांबले, मग म्हणाले, "बाई, वहीत आम्ही खाडाखोड करत नाही." त्यांचंही बरोबर होतं. शब्द राहिला.

२०२१ ला आई गेली. तिला अग्नी मी दिला, कुणाची परवानगी न घेता. वहीत या वेळची नोंद मी माझ्या हाताने लिहिली. त्याच पानावर वर आबांचं 'कन्या', मधे तो 'दत्तक', खाली माझी सही.

जमिनीकडे येते. आबांच्या मागे आम्ही मायलेकींनी वारस नोंदीचा अर्ज दिला. तलाठ्याने नोटीस काढली. हरकतीला पंधरा दिवस असतात, चौदाव्या दिवशी अण्णांची हरकत आली. 'सदर मुलगी मयताच्या रक्ताची नाही.' बत्तीस वर्षं 'आमची पोरगी' म्हणणाऱ्या माणसाला रक्त आठवलं ते दोन एकरांसाठी. मंडळ अधिकाऱ्यांनी सुनावणीत कोर्टाचा आदेश वाचला आणि अण्णांना एवढंच विचारलं, "हा कुठे रद्द झालाय का?" नाही म्हणाले. नोंद मंजूर झाली.

बाहेर चहाच्या टपरीवर चुलत भाऊ म्हणाला, "नाव मिळालं, जमीन मिळाली. वंश काही मिळत नसतो." तो शाळेत मराठी शिकवतो, दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या ओळी आम्हा सगळ्यांना पाठवतो. मी म्हटलं, ज्यांचा जन्मदिवस तू साजरा करतोस ते तात्यासाहेब स्वतः दत्तक गेलेले. जन्माचं नाव गजानन रंगनाथ, काका वामनराव शिरवाडकरांनी दत्तक घेतल्यावर विष्णू वामन झाले. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कौळाण्याचा गोपाळ १८७५ ला बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला, सयाजीराव झाला. बडोद्याची गादी चालली, मग आपली बाग का नाही?

त्याने चटकन उत्तर दिलं, "ते भाऊबंदांतलेच होते. तू कुठली?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचा मुद्दा माझ्या उदाहरणांवर बिनतोड होता. आज आहे, आणि ते इथेच देते. मी कुठली ते मला माहीत नाही. पण तू २०१९ ला तुझा हिस्सा प्लॉटिंगवाल्याला विकलास. आजोबांनी विहीर खोदली त्या जमिनीतला जेवढा तुकडा आज बागेखाली आहे तो माझ्याकडे आहे. दर शनिवारी नाशिकहून जाऊन मी तो बघते. पितृपक्षात आजोबांचं पान मी वाढते. याला वंश म्हणत नसतील तर तो शब्द तू ठेवून घे, मला नको.

आता तुमचे जन्मदाते. हो, जन्मदाते म्हणा. त्यांना शोधू नका असं मी म्हणणार नाही. रक्ताला काहीच अर्थ नाही हेही खोटं आहे. डॉक्टर विचारतात घरात कुणाला साखर आहे का, तेव्हा मी गप्प होते. थोरलीचे कुरळे केस कुणाचे, हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि कधी कधी रात्री ते जाणून घ्यावंसं वाटतं. दत्तकविषयक नियमांत मूळ शोधण्याची सोय आहे. वय अठराच्या वर असेल तर तुम्ही स्वतः, तुम्हाला जिथून दिलं त्या संस्थेकडे किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात, अर्ज करू शकता. तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला शोध घेता येत नाही. जन्मदात्यांनी ओळख उघड करू नका असं सांगितलेलं असेल तर त्यांची संमती लागते, आणि ती मिळाली नाही तर तिथेच थांबायचं. मी संस्थेच्या फाटकापर्यंत एकदा गेले होते. आत गेले नाही. आई होती तोवर मनाला पटलं नाही, आता ती नाही तरी पटत नाही. तुमचं वेगळं असू शकतं. मात्र चुलत्यांनी हिणवलं म्हणून जाऊ नका. आणि तुमची आई ऐकत असेल तिथे 'खरे' हा शब्द पुन्हा काढू नका.

हे सगळं लिहून झाल्यावर काही गोष्टी आठवल्या, त्या महत्त्वाच्या आहेत. वर जे हक्काचं लिहिलं ते दत्तक कायदेशीर झालेलं असेल तरच. खेड्यांत भावाचं किंवा बहिणीचं लेकरू नुसतंच सांभाळतात, शाळेत आपलं नाव लावतात आणि त्यालाच दत्तक म्हणतात. तसं असेल तर वारस म्हणून हक्क लागत नाही, मृत्युपत्र लागतं. दत्तकविधीचा होम झाला नव्हता म्हणून अडत नाही. मूल द्यायचं-घ्यायचं प्रत्यक्ष झालेलं हवं, आणि दत्तकपत्र नोंदणीकृत असेल तर ते खरं मानूनच पुढे जातात. दुसरं, कलम १३ प्रमाणे वडिलांना स्वतःची मालमत्ता विकायचा किंवा मृत्युपत्राने कुणालाही द्यायचा अधिकार राहतो. स्वतः कमावलेलं त्यांनी पुतण्याच्या नावे लिहून ठेवलं असेल तर 'मी मूल आहे' एवढ्यावर ते फिरवता येणार नाही. तेव्हा मृत्युपत्र आहे का ते आधी बघा. तिसरं, तुम्ही बालन्याय कायद्याखाली दत्तक असाल तरी मूल म्हणून दर्जा तोच. सप्टेंबर २०२२ पासून त्या कायद्याखालचा दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणून कागद कुठे मिळेल ते सालावर ठरेल.

आणि कागद आजच शोधा, नोटीस निघायची वाट बघू नका. सापडला की प्रमाणित प्रत काढा, मूळ हातातून सोडू नका. आबांनी माझा आदेश खताच्या पावत्यांच्या पिशवीत, औषधांच्या खोलीत, खुंटीला टांगून ठेवला होता. सुनावणीला दहा दिवस होते, त्यातले नऊ तो शोधण्यात गेले.