चेहरा पुतणीचा, सही काकाची

घाटंजी तालुक्यातून एका आईने लिहिलंय: नऊ वर्षांच्या मुलीचे वऱ्हाडी बोलीतले रील लाखो लोक पाहतात. रील काढतो धाकटा दीर. त्याने एका साडीच्या दुकानाशी ५०० रुपयांच्या बाँडवर वर्षभराचा करार केलाय, पैसे त्याच्याच खात्यात येतात, शनिवारची शाळा बुडते. ‘बंद केलं तर दुकानदार भरपाई मांगन,’ असं तो म्हणतो.

ताई, भरपाईची भीती आधी काढून टाका. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाने, १९०३ मध्येच ठरवलं. काका राहू द्या, बापानं केलेला करारही टिकत नाही. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या १९४९ च्या खटल्यात अल्पवयीन नटीसाठी वडिलांनी केलेला सिनेमाचा करार मुंबई उच्च न्यायालयाने मानला नाही. पण त्यात हरली मुलगीच! कराराच्या जोरावर तिलाही पैसे मागता आले नाहीत. म्हणून दुकानाकडे काही बाकी असेल तर बिघडायच्या आधी गोडीत वसूल करा. दुकानदाराला भांडायचंच असेल, तर सही दिराची आहे, त्याच्याशी भांडेल.

आलेले पैसे मुलीचे. तुम्ही बौद्ध आहात, तरी १९५६ चा हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदाच तुम्हाला लागतो. नुसता सांभाळ करतो म्हणून कुणाला मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही, असं त्याचं कलम ११ सांगतं. दिराकडून हिशेब मागा.

तो म्हणेल, हे घरचंच काम. बालकामगार कायद्यातल्या ‘कुटुंबा’त काका येतो, हे खरं. पण ती सवलत घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्यापुरती. साडीचं दुकान तुमचं नाही. जाहिरातीत बालकलाकार चालतो, मात्र शाळा बुडता कामा नये. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांची मर्यादा असते आणि किमान २० टक्के कमाई मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. फोनवरच्या रीलला हे लावताना वकील वाद घालतील, मीही घातला असता. पण पैसे घेऊन केलेली जाहिरात ती जाहिरातच. परवानगीचा कागद मागून पाहा.

तुमची खरी अडचण घरात आहे. कायद्याने पहिला नैसर्गिक पालक बाप, आणि तुमचे मालक भावासमोर बोलत नाहीत. तरी दुकानाला जाणाऱ्या नकाराच्या पत्रावर दोघांच्याही सह्या हव्यात. ते स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. त्याच दिवशी अकाउंटचा पासवर्ड बदलून घ्या. घाणेरडे मेसेज आले असतील तर पुसू नका. स्क्रीनशॉट काढून पोलिसांकडे जा, किंवा १०९८ ला फोन करा.