न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या बागा बघायच्या असतील तर कुठे जावं?

थेट मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात जा. एका दुपारी तीन-चार बागा पायी सहज होतात. सुरुवात बावरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या लिझ क्रिस्टी बागेपासून करा. १९७३ मध्ये तिथे नुसता कचरा आणि राडारोडा होता. लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या ‘ग्रीन गरिलाज’ गटाने तो उपसला, माती आणून वाफे केले. पुढच्याच वर्षी महापालिकेने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने दिली! आतल्या छोट्या तळ्याकाठी उन्हात बसलेली कासवं दिसतील, तिथे जरा रेंगाळा. मग सहाव्या रस्त्यावरची सिक्स-बीसी आणि नवव्यावरची ला प्लाझा कल्चरल. बागा रोज दिवसभर उघड्या नसतात, म्हणून उन्हाळ्यातली शनिवार-रविवारची दुपार धरा. वाफ्यात कुणी काम करताना दिसलं, तर झाडांबद्दल जरूर विचारा.