मुंबई ते टोकियो विमानाने अंतर किती आहे आणि प्रवासाला किती वेळ लागतो?

मुंबई ते टोकियोचा नरिता विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण आठ तास लागतात आणि येताना साडेनऊ. हा दीड तासाचा फरक मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्यावरून आमच्या घरात दोन वर्षे वाद चालू आहे.

माझे थोरले मेहुणे निवृत्त अभियंता आहेत. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. जानेवारीत मुलीकडे जायला निघालो तेव्हा त्यांनी जेवणाच्या पंगतीत माझे तिकीट हातात घेऊन हिशेब मांडला. रात्री आठला निघून सकाळी साडेसातला टोकियो, म्हणजे साडेअकरा तास. परतताना सकाळी अकराला निघून संध्याकाळी पाचला मुंबई, म्हणजे सहाच. कारणही तयार होते: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे येताना मुंबईच विमानाकडे सरकत येते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते आणि तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापतात, हे मी सांगू लागलो, तर ‘तुझा भूगोल पुस्तकातला’ असे म्हणून त्यांनी आमटी मागितली. सगळे हसले.

हवा पृथ्वीबरोबरच फिरते. ती फिरत नसती, तर मुंबईवर तासभर जागच्या जागी तरंगणारे हेलिकॉप्टर ओमानच्या किनाऱ्याजवळ उतरले असते. त्या दीड तासाच्या फरकाचे खरे कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, हे आहे आणि हिवाळ्यात तो जपानवर विशेष जोरदार असतो. जाताना समोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,०६० किलोमीटर दिसत होता. परतताना नरिता सोडल्यावर बराच वेळ तो ७१०च्या वर गेला नाही. दोन्ही वेळा मी फोटो काढले. मेहुण्यांच्या मते पडदा बिघडलेला होता.

हा वारा जपानमधील तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजला होता आणि १९२६ साली त्याचा अहवाल एस्पेरांतो या फार थोड्यांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत छापला. साहजिकच तो फारसा कोणी वाचला नाही. आपले बरोबर असूनही कोणी ऐकत नाही, हे दुःख मला समजते.

हे आकडे हिवाळ्यातले आहेत, हे सांगायचे राहिले. उन्हाळ्यात जेट प्रवाह मंदावून उत्तरेकडे सरकतो आणि फरक कमी होतो. शिवाय ६,८०० किलोमीटरची सरळ रेषा पूर्व हिमालय आणि तिबेटवरून जाते. तिथे केबिनमधील हवेचा दाब गेला तर श्वास घेता येईल इतक्या खाली विमानाला उंच डोंगरांमुळे येता येत नाही, म्हणून मार्ग सहसा दक्षिणेकडून वळवतात आणि प्रत्यक्ष अंतर थोडे वाढते.

आपण शक्यतो जानेवारीतच जावे, मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि परतीच्या प्रवासात पडद्याचा फोटो काढून इथे टाकावा. दुसऱ्या विमानाचाही पडदा बिघडलेला होता, असे मेहुण्यांना म्हणता येणार नाही.