ताणतणावामुळे दात खरंच खराब होतात का?

होतात, पण ताण थेट दात किडवत नाही. तो आडवळणाने येतो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते झोपेत दात खाण्याने. बऱ्याच जणांना आपण दात खातो हे माहीतच नसतं, शेजारी झोपणारा सांगतो तेव्हा कळतं. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकणं, जांभई देताना जबडा अवघडणं, सुळ्यांची टोकं झिजून सपाट होणं, गार पाण्याने कळ येणं या त्याच्या खुणा. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, एकदा झिजलं की पुन्हा तयार होत नाही, म्हणून हे अंगावर काढू नका. दंतवैद्य तुमच्या दातांचं माप घेऊन रात्री दातांवर घालायचं आवरण, म्हणजे नाइट गार्ड, बनवून देतात. त्याने सवय सुटतेच असं नाही, पण दातांची झीज बरीच कमी होते.

दिवसासुद्धा लक्ष ठेवा. कामाच्या नादात दात एकमेकांवर दाबलेले असतात! खरं तर चावताना आणि गिळताना सोडून वरचे-खालचे दात टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, असं असावं.

दुसरं म्हणजे हिरड्या. ताण लांबला की प्रतिकारशक्ती मंदावते, हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. ताणाने तोंड कोरडं पडलं तर कीडही लवकर लागते, कारण आम्लाचा जोर लाळच कमी करते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि रात्रीचा ब्रश? ताणात पहिली सुट्टी त्यालाच मिळते.