वाचकांचे प्रश्न : वकीलसाहेबांची स्मरणिका काढताना

प्रश्न : आमचे आबा कोल्हापुरात चाळीसेक वर्षं दिवाणी वकिली करत होते. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायचं घरात ठरलंय. पण आलेले लेख 'मनमिळाऊ, निःस्पृह, कर्तव्यदक्ष' यापुढं जात नाहीत. आबा होते तसे त्यात यावेत म्हणून काय करावं? माळ्यावर अशिलांच्या फायली आहेत, त्यातलं काही वापरलं तर चालेल का? (राजारामपुरीतील एक वाचक)

उत्तर : फायलींचं आधी सांगतो, कारण तिथली चूक निस्तरता येत नाही. त्यातलं काहीही छापू नका. अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये हे आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं. वकिलाच्या कारकुनालाही ते लागू होतं. घरच्यांनी त्याहून सैल वागू नये.

दुसरं म्हणजे, वकिलाच्या निधनाबरोबर त्याचं वकीलपत्र संपतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३, नियम ४). दावा चालू असेल तर अशिलाला नवा वकील द्यावा लागतो आणि त्याला फाईल लागते. म्हणून स्मरणिकेच्याही आधी आबांच्या ज्युनिअरना बसवून फायली लावून घ्या. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असे मूळ दस्त निघाले तर ते ज्याचे त्याला पोच घेऊन परत करा. पोच घेताना दस्ताचं नाव, तारीख आणि पानांची संख्या लिहा. नुसतं 'फाईल मिळाली' लिहून घेतलं, की पुढं एखादा कागद सापडला नाही तर बोट तुमच्या घराकडं दाखवलं जातं.

मग लिहायचं कशावरून? आबांच्या कोर्टाच्या डायऱ्यांवरून. रोजच्या पानावर कोर्ट, दाव्याचा नंबर, काम कशासाठी नेमलंय आणि पुढची तारीख असते. दरवर्षीची एक डायरी घेऊन त्यातलं मार्च महिन्याचं एखादं पान वाचा. सुरुवातीच्या वर्षांत मुदतीचे अर्ज आणि सीनियरांची कामं दिसतील, नंतर स्वतःच्या उलटतपासण्या आणि युक्तिवाद. माणूस कामात कसा वाढला, हे कुठल्याही गौरवपर लेखापेक्षा इथं स्पष्ट दिसतं. मे महिन्याची पानं मात्र बहुतेक कोरी असतील, कारण दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. आता घरातले अल्बम काढा. गावाकडची, सहलीची, मुंजी-लग्नांची छायाचित्रं मे आणि दिवाळीतच जास्त दिसतील. आबा घरच्यांच्या वाट्याला कधी आले, हे त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं. हे जरूर लिहा. त्याबरोबर हेही लिहा, की एरवी संध्याकाळी सोप्यात अशील बसलेले असायचे आणि राधानगरी, गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेल्यांचा चहा घरातल्या बाईमाणसांनी केला. वकिलाच्या यशात तो वाटा असतो आणि स्मरणिकेत तो नेमका गळतो.

खुल्या कोर्टात झालेला निकाल सार्वजनिक असतो, त्याचा उल्लेख चालतो. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव किंवा नंबर आणि वर्ष टाकून शोधा; जुना निकाल तिथं नसला तर कोर्टातून नक्कल मागवा. मात्र घटस्फोट, मुलांचा ताबा, भावाभावांची भांडणं वगळा. कोल्हापूर लहान आहे, नाव गाळलं तरी माणूस ओळखला जातो.

कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून झालेल्या आंदोलनात आबा होते का, ते पाहा. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथं सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची सोय झाली. त्याआधी हायकोर्टाच्या कामाला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला जावं लागायचं. आबांचा सहभाग असेल तर नेमका कोणता, तेवढाच लिहा. मोर्चात चालणाऱ्याला नेता केलं की बार रूममधल्या (कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतल्या) लोकांना ते लगेच खटकतं.

ज्युनिअरांकडून लेख मागवू नका, त्यांच्याशी बोला. एकेकट्याशी वीस मिनिटं, मोबाईलवर रेकॉर्ड करून. चौघं एकत्र बसले की पहिल्यानं सांगितलेलाच किस्सा बाकीचे घोळवतात. विचारा : साहेबांनी पहिल्या दिवशी कुठलं काम दिलं? कैफियतीचा (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराचा) मसुदा परत आला तेव्हा त्यावर काय खुणा होत्या? पहिला साक्षीदार तपासायला कधी दिला? फीमधला वाटा कसा मिळायचा? कारकुनाला आणि समोरच्या बाजूनं लढलेल्या एखाद्या वकिलालाही विचारा. विरोधी वकिलाचा चांगला शब्द सगळ्यात वजनदार.

छपाईचं थोडक्यात : फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा, सहसा सोळा पानांचा असतो, म्हणून ३२ किंवा ४८ पानं धरा. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला सुमारे ३०० शब्द बसतात. छायाचित्रं ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराची ६०० वर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि छापल्यावर फुटतं. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

प्रश्न : माझ्या सीनियरांच्या शोकसभेत मला पाच मिनिटं बोलायचंय. काय बोलू? (एक ज्युनिअर वकील, कसबा बावडा)

उत्तर : साधारण ५०० शब्द लिहून काढा. सनद (वकिलीचा परवाना) कधीची, कुणाच्या हाताखाली सुरुवात झाली, हे घरच्यांकडून तपासून पहिल्या अर्ध्या मिनिटात संपवा. उरलेला वेळ एकाच सवयीला द्या : ते फाईल कशी वाचायचे, हरलेल्या अशिलाला निकाल कसा समजावायचे, तुमची चूक कोर्टासमोर कशी सावरायचे. तिन्ही घेतल्या तर एकही लक्षात राहत नाही.

प्रश्न : वडिलांची कायद्याची पुस्तकं कुणाला द्यावीत? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आधी यादी करा आणि ती बारच्या (वकील संघटनेच्या) ग्रंथालयाला किंवा विधी महाविद्यालयाला दाखवा, लॉ जर्नलचे (छापील निकालांचे) खंड बहुधा त्यांच्याकडं आधीच असतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांच्या खटल्यांत भारतीय दंड संहिता लागतेच, म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. समासात वडिलांच्या हातच्या टिपा असतील ती पुस्तकं बाजूला काढा आणि त्यांच्या सध्या वकिली करणाऱ्या ज्युनिअरना द्या.