कटर उलटा लावून काम भागवू की टेबल सॉ घेऊ?

प्रश्न : नमस्कार, मी नागपूरला मानेवाड्यात घरामागच्या शेडमध्ये फर्निचर बनवतो, सागवान लकडगंजातून आणतो. आतापर्यंत हातातला कटर टेबलाखाली उलटा बसवून भागवलं, आता ऑर्डरी वाढल्या म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली लाकूड चिरायची मशीन, घ्यायचा विचार करून राहिलो. दुकानदार सांगून राहिला की जास्त एचपीची घ्या. नेमकं काय पाहू?

उत्तर : भाऊ, मशीन कधीही घ्या पण तो उलटा कटर आजच उतरवा, हे अगदी कळकळीनं सांगतो. फळी उभी चिरताना लाकडातला ताण सुटतो, चीर मागून मिटते आणि पातं चिमटीत सापडतं, मागचे दात वर येत असतात ते फळी उचलून तुमच्याच अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. चांगल्या टेबल सॉला पात्यामागे रायव्हिंग नाइफ असतो, म्हणजे पात्यासोबत वरखाली होणारी पातळ पोलादी पट्टी, ती चीर मिटू देत नाही. ती नसेल तर मशीन कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका.

एचपीच्या आधी फेन्स बघा, म्हणजे पात्याशेजारची ती सरळ पट्टी, जिला टेकवून लाकूड पुढे ढकलतात. दुकानातच प्लग काढून फेन्स लॉक करा, पात्याच्या एकाच दातावर खूण करा, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागे नेऊन मोजा. मागे कमी भरलं तर लाकूड तिथंच अडकणार. मग फेन्सचं मागचं टोक हातानं दाबून बघा, हललं तर कपाटाच्या पट्ट्या एकसारख्या निघणारच नाहीत.

मोटरचं म्हणाल तर १० इंची पातं आणि १८०० ते २००० वॅट तुमच्या कामाला पुरे. उचलून साइटवर न्यायची असेल तर युनिव्हर्सल मोटर, आवाज भरपूर करते पण हलकी. शेडमध्येच दिवसभर चालणार असेल तर इंडक्शन, जड पण शांत. १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग पक्कं हवं, लांब बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावाल तर व्होल्टेज पडून मोटर तापेल.

सागवानात सिलिका असते, दात लवकर बोथट होतात, म्हणून कार्बाइडचे कठीण दात बसवलेलंच पातं घ्या. चिरायला २४ दाती, प्लाय-सनमायकाला ६० किंवा ८० दाती. आठ बाय चारची अख्खी शीट मात्र छोट्या टेबलावर एकट्यानं ढकलू नका, आधी कटरनं हातात धरून दोन तुकडे करा. आणि घ्यायला जाल तेव्हा आपली दीड इंची सागवानाची फळी सोबत न्या, तिथंच चिरून मागा, डेमो द्यायला नाही म्हणाले तर पुढचं दुकान बघा.