पूर आला, मग नळ कोरडा का?

प्रश्न : पानशेतच्या पुरावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. सासरे म्हणतात, खडकवासल्याचं धरण फुटलं. शेजारचे काका म्हणतात, पानशेतचं. पण खडकवासल्याचं धरण तर इंग्रजांच्या काळातलं, आणि ते अजून उभं आहे. मग फुटलं कुठलं? – एक वाचक, नऱ्हे

उत्तर : दोन्ही. सासऱ्यांना आणि काकांना, दोघांनाही हे सांगा.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी सात वर्षांची होते आणि आम्ही पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात राहायचो. धाकटे काका सायकलवरून धापा टाकत आले आणि म्हणाले, “पाणी येतंय, निघा.” आजीनं देव टोपलीत घेतले, आईनं धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी मामाकडे गेलो. परत आलो तेव्हा माजघरात माझ्या गुडघ्याएवढा गाळ होता, आणि त्याला रॉकेलचा वास येत होता.

घडलं ते असं. पानशेतचं मातीचं धरण आंबी नदीवर. काम पुरतं संपलेलं नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. भिंतीच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी जो नळ काढला होता, तो कच्चा राहिला होता आणि त्याच्यावरची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी ती भिंत धरून ठेवली म्हणून पाणी मध्यरात्री न येता दिवसाउजेडी आलं, आणि आमच्यासारखे कितीतरी लोक जिवंत बाहेर पडले. सकाळी पानशेत फुटलं. तो सगळा लोंढा खालच्या खडकवासल्यात उतरला. तिथली दगडी भिंत १८७० च्या दशकातली. एवढं पाणी पेलायला ती बांधलेलीच नव्हती, तीही फुटली. म्हणून पेठांत शिरलेलं पाणी एका धरणाचं नव्हतं, दोन धरणांचं होतं.

पूर ओसरल्यावर मी आजीला विचारलं होतं, “इतकं पाणी आलं, मग नळाला का नाही?” तिला उत्तर देता आलं नाही. मला ते कळायला पुढे भूगोल शिकावा लागला. पुण्याच्या नळाचं पाणी खडकवासल्यातूनच कालव्यानं पर्वतीच्या जलकेंद्रात यायचं. ज्या भिंतीनं ते अडवून ठेवलं होतं तीच गेली, तर नळाला येणार कुठून? आमच्या वाड्याची विहीर गाळानं भरलेली. आई आणि आजी कळशा घेऊन वरच्या अंगाला सदाशिव पेठेतल्या एका विहिरीवर रांगेत उभ्या राहायच्या. माझ्या आठवणीत पुरापेक्षा ती रांगच जास्त ठळक आहे. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती पूरग्रस्तांच्या, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं.

खडकवासला नंतर दुरुस्त करून पुन्हा उभं केलं. पावसाळ्यात विसर्गाच्या बातमीत जे अकरा दरवाजे येतात, ते आत्ताच्या धरणाचे. जुन्या तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत, फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्यावरून. आणि एक गोष्ट सासऱ्यांना नक्की आवडेल. सर विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसवले ते इथेच, १९०३ साली. भिंत न वाढवता साठा वाढला, आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे.

प्रश्न : पेपरात ‘टीएमसी’ येतं, ते म्हणजे किती? – एक वाचक, वारजे

उत्तर : एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. वरच्या पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१. खडकवासला या साखळीत सगळ्यात लहान. वरची तीन धरणं कोठार, आणि खडकवासला ही हाताशी ठेवलेली कळशी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये भाचीला पक्षी दाखवायला खडकवासला चौपाटीवर नेलं. दोन बगळ्यांशिवाय काही दिसलं नाही. पक्षी गेले कुठे? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : गेले नाहीत, तुम्ही भरल्या तलावावर गेलात. तलाव काठोकाठ भरला की पक्ष्याला पाय टेकायला जागा राहत नाही. पाणी उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शिंपले, गवताची मुळं. मग लाल लांब पायांचे शेकाट्ये येतात, शराटी येतात, धोबी शेपटी हलवत फिरतात. हळदी-कुंकू बदक आपल्याकडचंच, चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकू. भाची ते नाव एकदा ऐकलं की विसरणार नाही. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाकाच्या जोड्या उतरतात, नारिंगी-तपकिरी रंगाच्या. त्यांचा आवाज पाण्यावरून लांबवर ऐकू येतो.

चौपाटीवर मात्र थांबू नका. गाड्या, कणसांच्या शेगड्या आणि गर्दी यात पक्षी काठाला टिकत नाहीत. पानशेत रस्त्यानं गोऱ्हे, खानापूरकडे पुढे जा. समोरचा एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, किनारा आपल्याला बंद आहे, म्हणून तिथली झाडी आणि पाणी शांत राहिलंय. दुर्बिणीतून बराच वेळ तिकडेच बघत बसावं.

माशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दख्खनच्या महासीराला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून, कर्नल साइक्सनी १८३९ साली दिलेलं. हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो. मधे भिंत आली की त्याची वाट तिथेच संपते.

आणि टिटवी. तिच्यासाठी मी दर एप्रिलमध्ये गोऱ्ह्याला जाते. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडतो, त्या खड्यांवरच ती अंडी घालते, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. चार पावलांवरूनही दिसत नाहीत. लोक तिथे गाड्या घालतात. मी एकदा दुपारभर एका घरट्यापाशी उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होते, आणि सगळ्यांनी वळसा घातला, कुणी वाद घातला नाही. पण आठवड्यानं गेले तर तिथे पाणी होतं. शेतीच्या आवर्तनासाठी, म्हणजे कालव्याच्या ठरलेल्या पाळीसाठी, पानशेतमधून पाणी सोडलं होतं आणि कडा दोन हात वर सरकली होती. टिटवी वर आरडत घिरट्या घालत होती. तिच्याकडे बघून मला अजून वाईट वाटतं, आणि खालच्या दौंड-इंदापूरच्या पिकाला ते पाणी लागतं हेही मला माहीत आहे.

तर भाचीला जानेवारीत न्या, उजाडायच्या आत पोहोचा. भडक कपडे नकोत. आणि तिला जुने बूट घालायला सांगा, गोऱ्ह्याचा चिखल घोट्याच्या वर येतो.